मायाप्पाचा चुकलेला कंस

हुमनाबादच्या तहसील कचेरीसमोर मायाप्पा अर्ज टाइप करून देतो. कन्नड, मराठी, इंग्रजी, कशातही सांगा. गेल्या वीस वर्षांत त्याची बोटं भरपूर पळाली, पाय मात्र कधी सुटणाऱ्या बसमागंसुद्धा पळाले नाहीत.

त्याची बायको जगदेवी नेमकी उलट. माहेरी मुडबीला ती बापाच्या मेंढरांमागं धावून वाढली. दुबलगुंडीला सासरी आल्यावर अंगणवाडीत लागली आणि पळणं सुटलं. चाळिशीनंतर तालुक्यात महिला दिनाची शर्यत झाली. तिनं साडी खोचली आणि पहिली आली. घरी येऊन म्हणाली, "कलबुर्गीला एकवीस किलोमीटरची शर्यत हाय. मी पळणार."

"अगं, तितकं तर मी मोटरसायकलवर बी एका दमात जात न्हाई," मायाप्पा म्हणाला.

हैदराबादेत नोकरीला असलेल्या तिच्या भावानं, नागनाथनं, पळायचं जुनं घड्याळ पाठवलं. सोबत एका वेबसाइटचा पत्ता. किती वेळ हळू, किती वेळ जोरात, हे तिथं नुसतं टाइप करायचं. मग तिथला प्रोग्राम त्याचे टप्पे पाडून घड्याळात टाकतो, आणि टप्पा बदलला की घड्याळ पिकपिकतं. टाइप करायचं काम म्हटल्यावर मायाप्पा एकदम प्रशिक्षक झाला.

पहिला सराव त्यानं सवयीनं लिहिला: 'विषय: मंगळवारचा सराव. सदर महिलेने प्रथम दहा मिनिटे हळू धावावे, ही नम्र विनंती.' प्रोग्रामनं उत्तर दिलं, काही समजलं नाही.

"तहसीलदाराला समजतंय, ह्याला समजंना!" मायाप्पा चिडला. नागनाथनं फोनवरून रीत सांगितली. एका ओळीत एकच टप्पा. जे पुन्हा पुन्हा करायचं ते कंसात, आणि कंसाआधी आकडा.

महिनाभर छान चाललं. मग एका रविवारी मायाप्पानं लिहिलं: दहा मिनिटं हळू. मग तीन मिनिटं जोरात, दोन मिनिटं सावकाश, असं पाच वेळा. शेवटी दहा मिनिटं हळू. एकूण पाऊण तास. पण कंस त्यानं शेवटच्या ओळीच्याही पुढं बंद केला, त्यामुळे शेवटची दहा मिनिटंही पाच वेळा आली.

सकाळी सहाला निघालेली जगदेवी सात वाजले तरी आली नाही. मायाप्पानं स्क्रीन पाहिली, बेरीज केली आणि बनियनवरच मोटरसायकल काढली. ती हुमनाबादच्या रस्त्याला तुरीच्या शेतांमधून पळत होती. तोंड लाल, पदर कमरेला.

"थांब गं! कुटं जायलीस?"

"घड्याळ थांबू दीना की! आणखी एक खेप हाय."

"माझी चूक झाली. कंस चुकला!"

"कोण चुकला?"

"कंस, कंस!"

"त्येला घरी गेल्यावर बगते," ती म्हणाली आणि घड्याळ पुन्हा पिकपिकलं तशी जोरात सुटली. मायाप्पा पहिल्या गिअरमध्ये मागोमाग. शेताच्या बांधावरून गावातला राघोबा ओरडला, "मायाप्पाण्णा, भांडण झालंय का काय?"

पंच्याऐंशी मिनिटं भरल्यावर ती थांबली. मायाप्पा मान खाली घालून उभा. तिनं पाण्याची बाटली रिकामी केली, श्वास घेतला आणि हसली.

"अवो, मला एवढं जमतंय, हे मला ठावं नव्हतं. कामून तोंड पाडायलाव?"

त्या दिवसापासून सराव तीच सांगायची आणि तो मुकाट टाइप करायचा. सल्ला द्यायला तोंड उघडलं की ती विचारायची, "पळणार कोण?"

कलबुर्गीला तिनं एकवीस किलोमीटर दोन तास सोळा मिनिटांत पार केले. तिच्या वयाच्या बायकांत चौथी. तिसरीचं पदक चाळीस सेकंदांनी हुकलं, म्हणून मायाप्पा हळहळला. जगदेवी फुटपाथवर बसून बूट काढत होती. तळपायाला फोड आले होते.

"चौथीला काय देत न्हाईत का?" त्यानं एका स्वयंसेवकाला विचारलंच.

"गप बसा, अर्ज करू नका," जगदेवी म्हणाली. "त्यापरीस चुरमुऱ्याचा सुसला आन् मिरचीभजी कुटं मिळतीया ते बगा. लई भूक लागलीय."

तो उठला. आणि वीस वर्षांत पहिल्यांदाच, गर्दीतून वाट काढत, चक्क पळत गेला.