भिमाजीचा अस्सल माल

भिमाजी सोनईच्या बाजारात उघडपणे दोरखंडं विकायचा आणि लपून गांजा. दोरांची हमी त्याने कधी दिली नाही. गांजाची मात्र तो बापाची शपथ घेऊन द्यायचा. भेसळ हा शब्द काढला तरी त्याचं पित्त खवळे. पंचक्रोशीत त्याला तेवढंच काय ते नाव होतं, आणि ते त्याला जिवापलीकडे होतं.

बहात्तरच्या दुष्काळाआधी काकासाहेब हवालदारांनी त्याला मालासकट धरलं. पंचनामा झाला, पण चौकीतली सीलची लाख संपलेली, म्हणून पुडकं काही दिवस तसंच उघडं राहिलं. त्या दिवसांत चौकीतल्या मंडळींचे डोळे फार तांबारलेले दिसत. लाख आली तेव्हा पुडक्याचं वजन तंतोतंत भरलं, कारण आत अंबाडीचा वाळला पाला कोंबला होता. अंबाडीचं पान दिसायला थेट गांजासारखं, तेव्हा कोण बघतंय!

पुण्याच्या सरकारी प्रयोगशाळेत नुसत्या दिसण्यावर भागत नाही. तिथे पाल्याचा अर्क काढून त्यात रसायन घातलं. गांजा असता तर जांभळा रंग उतरला असता, तो उतरला नाही. सूक्ष्मदर्शकाखाली गांजाच्या पानावरची लवही दिसली नाही. शास्त्राने आपलं काम चोख केलं आणि कळवलं, गांजा नव्हे, अंबाडी.

कोर्टात हे वाचलं गेलं तेव्हा वकील खुलला आणि भिमाजीचं तोंड उतरलं. त्याला धीर द्यायला आलेली चिलमीची मंडळी मागे एकमेकांकडे बघू लागली. माल बदलला म्हणावं तर तुरुंग, गप्प बसावं तर नाव बुडालं. काही सांगायचंय का, असं न्यायाधीशांनी विचारलं.

"साहेब, ह्यो माल माजा न्हाई," भिमाजी कळवळून म्हणाला.

त्या पिंजऱ्यात इतकं खरं क्वचितच कुणी बोललं असेल. न्यायाधीशांनी मान डोलावली आणि त्याला सोडून दिलं.

बाहेर त्याचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक, गोरक्षनाथ, वाट अडवून उभा होता. "इतकी वर्सं आमाला अंबाडी फुकाय लावली व्हय रं?" भिमाजीने परोपरीने सांगितलं, पण पुण्याच्या यंत्रापुढे त्याचं कोण ऐकणार? चिलीम ओढून एकदा विहिरीशी तासभर गप्पा मारत बसलेला हाच गोरक्षनाथ आता, आपल्याला कधी नशा चढलीच नव्हती, असं गावभर सांगत सुटला. गिऱ्हाईक तुटलं. पोरंसोरं त्याला अंबाडीशेठ म्हणू लागली.

शेवटी भिमाजी ताजी पुडी घेऊन आपल्या पायांनी चौकीवर गेला. मला धरा, पण ही माझ्यासमोर सील करून पुण्याला धाडा, म्हणून त्याने हात जोडले.

काकासाहेबांनी दार लोटून घेतलं. पुडी नाकाशी धरली आणि आवाज खाली आणला. "भिमाजी, तुझा माल एक लंबर हुता. असा जन्मात वढला न्हाई."

भिमाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढंच एकदा गोरक्षनाथला सांगा, असं तो म्हणाला.

काकासाहेबांनी पुडी खिशात घातली आणि त्याला बाहेरचा रस्ता दाखवला.