देवदत्तच्या बंदुकीची चौकशी

देवदत्त चित्रे म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. पुण्यात धातुशास्त्र शिकून जपानमधल्या त्सुकुबाच्या एका संशोधन संस्थेत आला आणि इथलाच झाला. अशा माणसाने बंदूक बाळगावी हे त्याच्या बायकोला, सुनेत्राला, कधीच पटलं नाही. पण रानडुकरं भातशेती लोळवत होती, गावातल्या म्हाताऱ्या शिकाऱ्यांना माणसं कमी पडत होती, आणि देवदत्तला कुणाला नाही म्हणता येत नसे. दहा वर्षं त्याने साधी छऱ्यांची बंदूक सांभाळली, तेव्हा कुठे रायफलचा परवाना मिळाला. त्यातही त्याने एक बार झाला की पुढची गोळी आपोआप वर येते, तसली घेतली.

गोळ्या मात्र घरीच ओतायच्या. धातूवाल्याची खोड, दुसरं काय! भंगारातलं शिसं आणायचं, मागच्या शेडमध्ये वितळवायचं, कथील मिसळून साच्यात ओतायचं. पण ही बंदूक म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. काडतुसात दारू कमी भरली तर यंत्रणा पुरती मागे सरकत नाही आणि रिकामं काडतूस अडकतं. जास्त भरली तर मऊ शिसं नळीत चिकटतं आणि नेम बिघडतो. यातलं मधलं माप तो चार वर्षं शोधत होता. रविवारी नेमबाजीच्या रेंजवरून आला की जेवताना सांगायचा, आज दहापैकी सात नीट लागल्या, आज आठ. सुनेत्राला त्यातलं ओ की ठो कळत नसे. तरी ती विचारायची, कारण एरवी तो बोलायचाच नाही.

मार्चमध्ये संस्थेने त्याचा करार वाढवला नाही. सत्तावन्नाव्या वर्षी तो घरी बसला. गोळ्या ओतणं चालूच होतं, फळीवर त्यांच्या रांगा वाढत होत्या, पण रेंजवर जाणं थांबलं. जेवताना तो ताटाकडे बघत बसायचा. पहाटे सुनेत्राला जाग यायची तेव्हा शेजारचं अंथरूण रिकामं असायचं.

मग एका दुपारी शिकारी गटातले मोरितासान आभार मानायला आले. देवदत्तसाननी आपली मापांची वही मलाच देऊन टाकली, म्हणाले. चार वर्षांचे सगळे प्रयोग होते त्या वहीत. सुनेत्राला तो वहीवरची धूळसुद्धा झटकू देत नसे.

पुढच्याच आठवड्यात परवान्याचं नूतनीकरण होतं. त्यासाठी पोलीस घरी येतात आणि बायकोला वेगळं बसवून विचारतात: नवरा पितो का, भांडतो का, काही काळजी आहे का. आजवर सुनेत्राने दर वेळी काही तक्रार नाही म्हणून सांगितलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हेच ती माहेरी शिकली होती. नोकरी गेल्याचं तिने सख्ख्या भावालाही कळवलं नव्हतं. "नेहमीसारखंच सांग," देवदत्त सकाळी म्हणाला होता.

तरुण पोलीस जेवणाच्या टेबलाशी फॉर्म घेऊन बसला. देवदत्त बाहेर थांबला. सुनेत्राचं जपानी म्हणजे दुकानापुरतं आणि मुलीच्या शाळेपुरतं. असल्या गोष्टीसाठी सभ्य शब्द तिच्याकडे नव्हते. तिने आहे ते सांगितलं.

"माझा नवरा झोपत नाही. मला भीती वाटते. बंदुका घेऊन जा."

पोलिसाने पेन खाली ठेवलं आणि फोन लावला. तासाभरात आणखी दोघे आले. रायफल, छऱ्यांची बंदूक, काडतुसं, दारूचा डबा, सगळं त्यांनी ताब्यात घेतलं. देवदत्तने कागद वाचला, सहीऐवजी आपला शिक्का मारला. समोरच्या घरातला पडदा हलला. सुनेत्राला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गाडी गेल्यावर तो बंदुकांच्या उघड्या कपाटासमोर उभा राहिला. आता हा आपल्याला कधी माफ करणार नाही, असं तिला वाटलं.

"मी जिवाचं काही बरंवाईट करून घेईन असं वाटलं तुला?" त्याने विचारलं.

"हो."

तो तिथेच जमिनीवर बसला.

"मलाही तेच वाटत होतं गं," तो म्हणाला.