गडद हिरव्यातली वाट

तिला सगळे फूटपट्टी म्हणत. अंगाने सडपातळ, चालायला ताठ, आणि बोलण्यात इंचभर इकडेतिकडे नाही, म्हणून. नाव पडलं मोजणीच्या कचेरीत, तिथून ते क्लबात गेलं आणि क्लबातून घरात शिरलं. जमिनी मोजणं हे तिचं काम. दोन शेजारी कुंपणावरून हमरीतुमरीवर आले, की ही मधोमध तिपाई रोवून उभी राहायची, दुर्बिणीतून बघायची आणि दोघांनाही न आवडणारी रेघ आखून द्यायची. बावीस वर्षांत तिची एकही रेघ खोटी ठरली नव्हती. लग्न केलं नव्हतं. का, असं कुणी खोदून विचारलंच, तर म्हणायची, माप जुळलं नाही. विचारणाऱ्याची बोळवण तेवढ्यावर व्हायची.

घर दोन मजली. खाली ती, वर दादा आणि वहिनी, स्वयंपाकघर मात्र तिघांचं एकच. दादाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसायचा, आणि घरी आल्यावरही त्याला अगदी नाकाजवळचं तेवढंच दिसायचं. त्यामुळे घरात बोलायला उरल्या दोघी, आणि त्यांतली एक फूटपट्टी. म्हणजे बोलायला उरली वहिनी.

फूटपट्टीचा जीव एकाच गोष्टीत होता, ओरिएंटिअरिंगच्या शर्यतीत. हातात नकाशा आणि होकायंत्र द्यायचं आणि अनोळखी रानात सोडायचं. नकाशावर गोल केलेल्या जागी केशरी-पांढरे झेंडे टांगलेले असतात, ते नंबराने शोधायचे. प्रत्येक झेंड्याजवळ एक डबी असते, तीत बोटाला अडकवलेली काडी खुपसली की वेळ नोंदली जाते. मग पुढचा झेंडा. वाट कुणी सांगत नाही, ज्याची त्याने ठरवायची. नुसतं पळणारा इथे हरतो आणि नुसता विचार करणाराही हरतो. फूटपट्टीला हे पहिल्याच दिवशी पटलं होतं. कचेरीत ती लोकांच्या जमिनीवर रेघा आखायची, इथे तिला तिची स्वतःची रेघ आखायला मिळायची.

अकरा वर्षं ती धावत होती. चाळिशीपुढच्या बायकांच्या गटात गेली दोन वर्षं तिचा दुसरा नंबर आला होता, आणि दोन्ही वेळा पहिल्या होत्या नर्सबाई. गेल्या वर्षी तर अवघ्या अकरा सेकंदांनी. यंदाच्या मुख्य शर्यतीत पहिली येणारीला देशाकडून परदेशी धावायला मिळणार होतं. जागा एकच. फूटपट्टीचं वय त्रेचाळीस, आणि गुडघे कुरकुरायला लागलेले. यंदा नाही तर कधीच नाही, हे तिने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. फक्त वहिनीला सांगितलं होतं.

वहिनीला या खेळात आणलं तिनेच. डॉक्टरांनी वहिनीला चालायला सांगितलं आणि वहिनी चालायला निघाली ती थेट शर्यतीत. पहिल्याच खेपेला हरवली. शोधायला गेलेल्या फूटपट्टीला ती एका दगडावर बसून बिस्किटं खाताना सापडली, डोळ्यांत पाणी आणि तोंडात बिस्कीट. "वन्सं, मी इथेच राहते आता, मला घरून कपडे पाठवून दे," म्हणाली. लाडात आली की ती नणंदेला वन्सं म्हणायची, एरवी आजकाल कोण म्हणतं. फूटपट्टी इतकी हसली की तिलाही खाली बसावं लागलं.

मग फूटपट्टीने तिला शिकवलं, तेही मोजून-मापून. शंभर मीटरला आपली किती पावलं पडतात ते पाठ करायचं. अवघड झेंड्याकडे थेट जायचं नाही, आधी त्याच्या जवळची न चुकणारी एखादी खूण गाठायची. नकाशावर गडद हिरवा रंग म्हणजे आत शिरता न येणारी झाडी, तिला भिंत समजायचं आणि वळसा घालायचा. आणि आपण जिथे आहोत तिथे नकाशावर अंगठा ठेवायचा, तो कधीही हलवायचा नाही. वहिनी शहाण्या विद्यार्थिनीसारखी मान डोलवायची. त्याच अंगठ्याने ती पुढे आपल्या गुरूला काय दाखवणार होती, हे तेव्हा कुणाला ठाऊक.

चार-पाच वर्षांत वहिनी तिसरी-चौथी यायला लागली. शिवाय तिला बोलायची हौस, फोनवर कुणाचंही मन वळवायची हातोटी. मग क्लबाची चिटणीसही तीच झाली. क्लबाचे प्रमुख मास्तर, भूगोल शिकवून निवृत्त झालेले. भला माणूस, पण कागदपत्रांचा कंटाळा. वहिनी जिथे बोट ठेवील तिथे ते सही करायचे.

मे महिन्यात वहिनीने विषय काढला. पाण्याच्या टाकीमागच्या रानाचा क्लबाकडे नकाशाच नाही, शाळेतल्या मुलांच्या सरावाला हवाय, आणि तुझ्यासारखा नकाशा दुसरं कोण काढणार? मुख्य शर्यत नोव्हेंबरात, नदीपलीकडच्या टेकडीवर, हे तर सगळ्यांना माहीत होतं. फूटपट्टी आधी नाही म्हणाली. तिला सराव करायचा होता. पण वहिनी म्हणाली, रानात हिंडणं हाच तर सराव, आणि तिलाही ते खरं वाटलं. तसं ते खरंही होतं.

जून ते सप्टेंबर, प्रत्येक सुट्टीचा दिवस तिने त्या रानात घातला. दगड न् दगड, खड्डा न् खड्डा, चढाची प्रत्येक रेघ. संध्याकाळी परत आली की पायांतले काटे काढत स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची, आणि वहिनी चहा पुढे ठेवून विचारायची, आज कुठपर्यंत गेलीस? मग फूटपट्टी सांगत सुटायची. जी बाई कचेरीत दिवसाला दहा वाक्यं बोलायची, ती इथे तास-तासभर बोलायची. वहिनी मधेच विचारायची, तो ओढा ओलांडता येतो का, त्या तीन दगडांपैकी उंच कुठला. टेबलावर मीठ, डबे, चमचे मांडून दोघी अख्खं रान उभं करायच्या. फूटपट्टीला वाटायचं, आपल्याला मैत्रीण अशी नव्हतीच कधी, ती आता मिळाली.

नकाशा छापायला गेला आणि आठवड्याने ती हळहळत घरी आली. रानाच्या मधोमध काटेरी झाडीचा मोठा पट्टा होता. तो तिने सगळा गडद हिरवा दाखवला होता. आज सहज फेरी मारताना तिला दिसलं, की वाकड्या खोडाच्या झाडामागून एक अरुंद वाट सरळ आरपार जाते. बाहेरून अजिबात कळत नाही. एवढी कशी चुकले मी, म्हणाली, पुढच्या छपाईत दुरुस्त करीन. वहिनीने तिची समजूत घातली आणि वाकडं खोड नक्की कुठल्या बाजूला, ते विचारलं.

शर्यतीला दहा दिवस उरले तेव्हा सूचना लागली. नदीपलीकडची टेकडी झाडतोडीसाठी बंद, मुख्य शर्यत टाकीमागच्या रानात.

या खेळात एक नियम आहे आणि त्याला अपवाद नाही. ज्याने नकाशासाठी रान पाहिलं, त्याने त्या रानात धावायचं नाही. मास्तर स्वतः घरी आले, टोपी हातात धरून बसले, नशिबाचा खेळ म्हणाले. नियम तिला सांगायची गरज नव्हती. रडली ती वहिनी. इतकी रडली, की फूटपट्टीलाच तिला पाणी द्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मात्र फूटपट्टीच्या डोक्यात किडा वळवळला. ती म्हणाली, "वहिनी, मी तुला त्या रानातलं सगळं सांगितलंय. तुलाही धावता येणार नाही."

वहिनी कणीक मळत होती. मान वर न करता हसली. "अगं, मला त्यातलं एक अक्षर आठवत असेल तर शपथ. तुझं ते दगड-धोंड्यांचं पुराण मी या कानाने ऐकते आणि त्या कानाने सोडते. तुला बरं वाटतं म्हणून बसते."

फूटपट्टीला ते लागलं, खोटं कशाला बोला. चार महिन्यांच्या संध्याकाळी एका वाक्यात केराच्या टोपलीत गेल्या. पण सुटल्यासारखंही वाटलं. वहिनीला आठवत नाही, तर प्रश्नच मिटला. आपली जागा गेली, निदान घरातलं कुणीतरी धावेल. उरलेले दिवस तिने वहिनीला पहाटे उठवून दुसऱ्या रानात पळवलं, टाकीमागच्या रानाबद्दल चकार शब्द न काढता.

शर्यतीच्या दिवशी तिला वेळनोंदणीच्या तंबूत बसवलं होतं. धावून आलेल्यांनी काडी यंत्रात घालायची आणि हिने त्यांच्या हातात वेळेची पट्टी छापून द्यायची. आपलीच शर्यत दुसऱ्यांना वाटून द्यायची, दुसरं काय. नर्सबाई आल्या, धापा टाकत, नडगीला खरचटलेलं. वहिनी आली. वहिनी पहिली होती, एक मिनिट चाळीस सेकंदांनी. फूटपट्टी उठून तिला मिठी मारायला निघाली आणि निघता-निघता तिने सवयीने पट्टी वाचली.

सहाव्या झेंड्यापासून सातव्यापर्यंत सगळ्यांना सहा मिनिटं लागली होती, कुणाला साडेसहा, कुणाला सात. वहिनीला तीन मिनिटं पाच सेकंद. सहा आणि सातच्या मधे होता तो काटेरी पट्टा. नकाशावर गडद हिरवा, म्हणजे भिंत. सगळ्यांनी वळसा घातला होता. जिला काहीच आठवत नव्हतं, ती भिंतीत सरळ शिरली होती.

फूटपट्टी परत खुर्चीत बसली. पट्टी तिने वहिनीच्या हातात दिली.

नर्सबाईंनी तक्रार केली ती अर्ध्या तासाने, आवाज न चढवता. तीन मिनिटांत पट्ट्याला वळसा घालता येतच नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. मास्तरांनी वहिनीला आणि फूटपट्टीला आपल्या तंबूत बोलावलं. वहिनी म्हणाली, माझा रस्ता चुकला, घाबरून झाडीत घुसले आणि नशिबाने वाट मिळाली. डोळ्यांत पाणी होतं, दगडावर बसून बिस्किटं खाताना होतं तसंच. मास्तर फूटपट्टीकडे वळले. "नकाशा तुझा. तिथे वाट आहे? आणि ती हिला माहीत होती?"

खरं बोलायचं तर त्या क्षणी फूटपट्टी खोटं बोलणार होती. बावीस वर्षांत पहिल्यांदा. घरची अब्रू, दादाचं तोंड, एका चुलीवरचं जेवण, सगळं तिच्या डोळ्यांसमोर आलं. वहिनीला मोह झाला असेल, ऐन वेळी आठवलं असेल, माणूस आहे, असं तिने मनाशी ठरवूनही टाकलं. नकाशा काढणाऱ्याने रान कुणाला सांगितलं तर त्याच्यावरही दोन वर्षांची बंदी येते, तेही होतंच.

पण मास्तर तोवर नियम बघायला शर्यतीची फाईल उलगडून बसले होते, आणि मोजणीच्या कचेरीतल्या बाईची नजर आधी कागदावरच्या तारखेवर जाते. सगळ्यात खाली रानाच्या परवानगीचा अर्ज होता. "मुख्य शर्यतीसाठी पाण्याच्या टाकीमागचे रान मिळावे." खाली मास्तरांची न वाचता केलेली सही आणि त्याशेजारी चिटणीस म्हणून वहिनीची. तारीख सतरा एप्रिल. नदीपलीकडच्या टेकडीसाठी फाईलमध्ये अर्जच नव्हता. तिने दोनदा चाळून पाहिलं.

सतरा एप्रिल. मुलांच्या सरावाचा विषय निघाला होता मे महिन्यात.

म्हणजे झाडतोड नव्हती, नशीब नव्हतं, मोह नव्हता. तिला रानात पाठवलंच होतं ते शर्यतीतून काढण्यासाठी. वर तिच्याच पायांनी रान मोजून घेतलं, तिच्याच तोंडून वदवून घेतलं, रोज चहा पाजून. केसाने गळा कापणं म्हणतात ते हे.

वहिनीला कळलं, ही काय वाचतेय ते. ती अगदी हळू म्हणाली, "वन्सं, घरातलं घरात राहू दे."

फूटपट्टीने कोरा कागद ओढला आणि उभ्यानेच लिहून काढलं. वाट आहे. मला माहीत होती. मी फक्त हिला सांगितली होती. वाकड्या खोडाचं झाड कुठे, तेही लिहिलं, पावलांच्या मापासकट. खाली सही केली, तारीख घातली, आणि मास्तरांसमोर तो अर्जही ठेवला. त्यांनी तो या खेपेला वाचला. परदेशची जागा नर्सबाईंना गेली. बंदी दोघींना लागली, दोन-दोन वर्षांची. नर्सबाई जाताना फूटपट्टीचा हात धरून उभ्या राहिल्या.

वहिनीने त्या आठवड्यातच वर वेगळी शेगडी मांडली. तिने दादाला तिच्या परीने सगळं सांगितलं असावं, कारण एका संध्याकाळी तो खाली आला, टेबलाशी वहिनीच्या खुर्चीत बसला आणि चमच्याशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "कशाला लिहून दिलंस गं? ती म्हणते, तिचं तुझ्या बोलण्याकडे लक्षच नसायचं. सहज घुसली ती झाडीत."

फूटपट्टीने त्याच्यापुढे चहा ठेवला. स्वतःसाठी ओतला नाही.

"लक्ष होतं, दादा," ती म्हणाली. "एवढं लक्ष देऊन माझं आजवर कुणीच ऐकलं नव्हतं."