जोत्यावरची काच

उज्जैनची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि घराच्या पायाला तडे पाडते. आमच्या पायालाही तडा गेला तेव्हा गवंडी म्हणाला, “भाभीजी, पुट्टी भर देते हैं, दिखेगा ही नहीं.” मी भडकलेच. मला तडा लपवायचा नव्हता, बुजवायचा होता. पायापर्यंत खणायला लावलं, तडा खरवडून सिमेंट भरून घेतलं, त्यावर डांबराचे दोन हात दिले आणि काळ्या मातीऐवजी मुरूम घातला. मग वर जोत्यात, बुजवलेल्या तड्यावर काचेची पट्टी आडवी चिकटवली. पाया हलला, तर ती तडकणार. नवरा हसला. दोन पावसाळे गेले, काच शाबूत आहे. घरी कुणी आलं की मी आधी काच दाखवते, मग पाणी विचारते.