सोनेरी पट्ट्याचा भेक
कपाट आवरताना बेडूक मोजायचा जुना कॅलिपर सापडला आणि हरसूलचं शेणाने सारवलेलं ओलं अंगण आठवलं. तिथे रांजणाआड वरवंट्याएवढा, खरखरीत अंगाचा भेक बसला होता आणि त्याच्या पाठीवर चक्क सोनेरी पट्टा होता. असा भेक जगात कुणीच पाहिलेला नाही, हे मी पुस्तक न उघडताच ठरवलं. बेडकांमागे हिंडणाऱ्याला मुलगी द्यायला गंगापूर रोडवरचे एक काका तयार नव्हते, त्यांना तिथूनच फोन लावला, "काका, नव्या जातीला तुमचं नाव देतोय." काका गहिवरून "मुलगी दिली" म्हणाले. मी फोन ठेवला, तर त्या अंगणाच्या घरची मावशी म्हणते, "दादा, त्याला फावडं लागलं व्हतं, मीच तेल-हळद चोपडली. पुसू नका." काकांनी दिलेला शब्द फिरवला नाही. पण आजही घरात बेडूक शिरला की बायको म्हणते, "बाबा आलेत, पाणी द्या."