ओल्या डब्यावरची शेळी

दहिवडीहून निघालो तेव्हा ट्रकच्या केबिनमध्ये दोघींची जागा ठेवली होती, माझी आणि आत्याबाईंची. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या केबिनमध्ये बसल्याच नाहीत. मागे रिकाम्या पोत्यांवर, शेळीचं दावं मनगटाला गुंडाळून बसल्या. बहात्तरचा दुष्काळ होता. बैल विकले, म्हैस विकली, एवढी एक शेळी उरली होती. आमचे हे फौजेत, लांब. मला सांगलीत मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची नोकरी लागली होती. विहीर आटलेल्या गावात त्यांना एकटं ठेवणं शक्य नव्हतं, आणि शेळीवाचून त्या येणार नव्हत्या. "तिला सोडून मी सरगात बी जायाची न्हाई," म्हणाल्या. मी वाद घातला नाही. ड्रायव्हरला घाई होती.

गावाकडच्यांनो, तुम्हाला खोटं वाटेल, पण सांगलीत मला सगळ्यात आधी शिकावं लागलं ते कचरा टाकायला. आपल्याकडे कचरा असा नसतोच. राख भांड्यांना, शेण उकिरड्यात, साली जनावराला, चिंध्या गोधडीत. आमच्या कॉलनीत मात्र नगरपालिकेचा नियम होता. ओल्या कचऱ्याचं खत करून उसाच्या मळ्यांना विकायचं, आणि खतातून काचा निघाल्या की शेतकरी शिव्या घालायचे. म्हणून दाराशी दोन डबे. एकात साली-खरकटं, दुसऱ्यात कागद, काच, पत्रा. सकाळी गाडीची घंटा वाजायच्या आत दोन्ही रस्त्याकडेला ठेवायचे. मिसळलं तर मुकादम डबा भरलेलाच दाराशी परत ठेवून जायचा आणि सगळी गल्ली बघायची. शेगडीची राख कशात टाकायची, याबद्दल तर त्या मुकादमाचंही मत रोज बदलायचं. शाळेच्या घाईत ती राख घेऊन दोन डब्यांमध्ये उभं राहायचा मला फार कंटाळा यायचा.

आत्याबाईंना नियम लगेच कळला, पण त्यांच्या परीने. अख्खी कॉलनी सकाळी उठून शेळीचं खाणं निवडते, काचा बाजूला काढते आणि रस्त्यावर मांडून ठेवते, अशी त्यांची समजूत झाली. "लय गुणाची मान्सं हायती गं," त्या मला म्हणाल्या. मी शाळेची तयारी करत असायची तेवढ्यात त्या बादली घेऊन गल्लीभर फिरून यायच्या. शेळीच्या अंगावर मांस चढलं. मला वाटायचं, भाजीवाल्याकडून पाला मिळतो.

मग शेळी व्याली. आपली रीत तुम्हाला ठाऊक आहेच. शेजारपाजारचं खरकटं ज्याच्या जनावराला जातं, त्याने दूध आल्यावर त्या घरी तांब्या धाडायचा. आत्याबाई स्वतः दूध घेऊन घरोघर गेल्या, आणि देताना कौतुकाने सांगितलं की हे तुमच्याच डब्यातल्या सालींचं.

संध्याकाळी समोरच्या चौगुले वहिनी भरलेला तांब्या घेऊन आल्या. "सुमनताई, राग मानू नका. पण आमच्या कचऱ्यावर पोसलेलं दूध आम्हालाच? शी!"

आत्याबाई आतून म्हणाल्या, "आवं, मग तुमच्या उसाला काय घालत्यात? त्योच डबा न्हवं?"

वहिनी तांब्या उंबऱ्यावर ठेवून गेल्या. आत्याबाईंनी तो तांब्या शेळीच्या पिल्लापुढे ओतला आणि त्या रात्री जेवल्या नाहीत. दिलेलं दूध आजवर कुणी त्यांना परत केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुकादम आला. डबा रस्त्यावर ठेवला की माल नगरपालिकेचा, म्हणाला. पुन्हा म्हातारी बादली घेऊन दिसली तर या गल्लीची गाडी बंद. दुपारपर्यंत घरमालकाचा निरोपही आला, शेळी काढा नाहीतर खोली सोडा. माझ्या पगारात दुसरी खोली मिळणारी नव्हती; ही सोडली असती तर नोकरीही सुटली असती. मी आत्याबाईंसमोर बसून सरळ सांगितलं, "शेळी तासगावच्या बाजारात विकू. चांगली जाईल. तुम्ही राहा."

त्या हसल्या. "शेळी गेल्यावर मी हितं कुठल्या डब्यात बसू गं? वल्ल्या का सुक्या?"

"तिकडं गावी एकट्या काय करणार?"

"आन् हितं काय दुकटी हाय व्हय मी? तू साळंत. शेजारीण दारातनंच माघारी जातीय."

आमच्या गावाकडे, माण तालुक्यात, थोडाफार पाऊस झाल्याचं कळलं होतं. शेळी घेऊन परतायला तेवढं निमित्त त्यांना पुरलं. ट्रक मीच ठरवला, पेंडीचं पोतंही मीच चढवलं. ह्यांना पत्राने कळवलं. आईला थांबवायला हवं होतंस, असं उत्तर आलं. लांबून लिहायला सोपं असतं.

आता सुट्टीत मी गावी जाते. कांदे चिरून झाले की साली गोळा करून उठायला लागले, तर आत्याबाई त्या माझ्या हातातून काढून घेतात. "ऱ्हाऊ दे, तू पाव्हणी," म्हणतात. टोमणा नसतो तो, म्हणून जास्त लागतो. घर सोडून मुंबई-पुण्याला गेलेल्यांनाही गावी असंच बसवून ठेवतात का, ते त्यांनीच सांगावं. सांगलीत मला कुणी पाहुणी म्हणत नाही. रजेवरून रात्री परतलं, अंग कितीही मोडून आलेलं असलं, तरी सकाळी घंटेच्या आत डबे माझे मलाच बाहेर ठेवावे लागतात. त्यावरून समजायचं, आपलं घर आता हे.