तिची बाटली

मी मंगरूळपीरच्या दवाखान्यात कारकून होतो. तिथला कंपाउंडर घरी निघालेल्या रोग्याला नुसतं औषध हातात देऊन सोडत नसे. बाकावर बसवून म्हणे, "घरी कसं घेशीन? करून दाखव." चेहरा जप्तीला आलेल्या बेलिफासारखा. लोक हसत, तो हसत नसे.

एकदा मानोऱ्याकडच्या एका म्हाताऱ्यानं बाटली हलवली आणि तिच्यावर डकवलेल्या कागदी पट्टीवरच्या एका डोसाच्या खुणेपर्यंत औषध प्यायला. इथवर बरोबर होतं. मग त्यानं बाटली शेजारी बसलेल्या बायकोपुढे धरली.

"तिले कायले?" कंपाउंडरनं विचारलं.

"एकट्यानं कसं पिऊ? घरात आलेलं आमी वाटूनच खातो."

कंपाउंडर आत गेला आणि ओव्याचं पाणी भरलेली दुसरी बाटली घेऊन आला. तिलाही त्यानं खुणांची पट्टी डकवली.

"ही तुही, बाई. याच्यातलं त्याले द्याचं नाही, त्याच्यातलं तू घ्याचं नाही."

म्हातारा बरा झाला, पुन्हा आला नाही. बाई मात्र दर बाजाराला बाटली भरून न्यायला येई. आणि कंपाउंडर तिलाही बाकावर बसवून, तोच चेहरा ठेवून म्हणे, "करून दाखव."